चार आकडे जास्त

आत्याला मी कधी आवडले नाही आणि मलाही ती आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. तोंडावर मी तिला 'अहो आत्या' म्हणते, मनात मात्र सरळ अगं-तुगं चालतं. हे मनातलं लिहिणं आहे, तेव्हा इथंही तसंच चालू दे.

नवऱ्याची आई तो शाळेत असतानाच गेली. आत्याचा नवरा त्याच्याही आधी गेला होता. ती माहेरी परत आली ती कायमचीच, आणि भावाचा संसार, दोन म्हशी, ऊस आणि हा आईवेगळा पोरगा तिनं एकटीनं ओढला. ते तिचं मोठेपण मी नाकारत नाही. नाकारू देतंय कोण? रोज एकदा तरी ते ऐकवलं जातं. कागल रस्त्यावरच्या त्या घरात तिचा शब्द शेवटचा. सासरे तिला विचारल्याशिवाय चपला बदलत नाहीत. नवरा पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर आहे. तिथं तो शिफ्टभर माणसांवर ओरडतो आणि घरी येऊन आत्यासमोर शेपूट घालतो. मी हायस्कुलात गणित शिकवते. चिडायची सवय मला लग्नाच्या आधीपासूनची आहे, ती या घरानं लावली असं कुणी म्हणू नये.

आत्याला साखर. आमच्याकडं मधुमेह कुणी म्हणत नाही, 'साखर हाय' एवढंच म्हणतात आणि पुढच्या वाक्यात चहा टाकतात. गोळ्या संपून ती इन्सुलिनवर आली त्यालाही बरीच वर्षं झाली. तिचं इन्सुलिन पेनात असतं. पेनाच्या शेंड्याला चकती, ती फिरवली की छोट्या खिडकीत आकडा दिसतो, तेवढं औषध पोटात जातं. डॉक्टरांनी तिला सकाळचा एक आकडा दिलाय, संध्याकाळचा एक. त्यात आत्यानं स्वतःचं शास्त्र मिसळलं. भाकरी-भाजी असली तर डॉक्टरांचा आकडा. घरात गोडाधोडाचं असलं, कुणाचं बारसं, कुणाची पूजा, गावजत्रेचं जेवण असलं, तर चार आकडे जास्त. जेवायला बोलावणं आलं की ती आधी मेनू विचारायची, मग पेन फिरवायची. आम्ही काही बोललो तर तिचं उत्तर ठरलेलं.

"टोचून घेतोय कशाला मग? खायाला न्हाय तर काय शोभंला?"

आमच्या भागात बायकाही 'मी आलो, मी खातो' असंच बोलतात. आत्याच्या तोंडी ते जास्तच शोभायचं, कारण तिचं सगळंच पुरुषी खाक्यातलं. एवढं टोचून तिचं वजन वाढत गेलं, वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी आकडा वाढवला, आकडा वाढला म्हणून तिनं खाणं वाढवलं. तळपाय बधिर झाले होते. अंगणात चप्पल पायातून सुटली तरी तिला कळायचं नाही, ती तशीच अनवाणी गोठ्यापर्यंत जायची. पण कुणी विचारलं तर म्हणायची, "साखर माझ्या मुठीत हाय."

एकूण काय, तिचं तिच्यापाशी. मला तिच्या साखरेशी काही देणंघेणं नव्हतं. मग मला दिवस गेले आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात माझीही साखर वाढलेली निघाली.

गरोदरपणात काहींची वाढते, बाळंतपणानंतर बहुतेकींची खाली येते, असं कोल्हापुरातल्या डॉक्टरबाईंनी समजावलं. आधी नुसतं पथ्य आणि चालणं करून पाहिलं. पुरेना. मग इन्सुलिन सुरू केलं. त्या दिवशी मी दवाखान्यातून घरी आले ती रडवेली होऊन. नवऱ्याचं, सासऱ्यांचं तोंड उतरलेलं. एकट्या आत्याचा चेहरा खुलला होता.

"बरं झालं बाई. आता काय काळजी न्हाय. आता खायाला मोकळी झालीस."

तिनं त्याच संध्याकाळी शेवयाची खीर केली. माझ्या इन्सुलिनचा आनंद म्हणून खीर!

डॉक्टरबाईंनी मात्र अगदी उलट बजावलं होतं. त्या बोलायला खट, पण मला खट माणसं कळतात. म्हणाल्या, "हा खाण्याचा परवाना नव्हे. तुमची साखर नाळेतून बाळाकडं जाते. तुमचं इन्सुलिन जात नाही. जास्तीची साखर ते बिचारं स्वतःचं इन्सुलिन करून जिरवतं आणि अंगानं फुगतं. बाहेर येताना अडकू शकतं. आणि जन्मल्यावर नाळ तुटली की वरची साखर एकदम बंद होते, त्याचं इन्सुलिन मात्र चालूच असतं. मग त्याची साखर कोसळते. समजलं?" मी म्हटलं समजलं. त्या म्हणाल्या, "आणि आणखी एक. डोस हा जेवणाच्या मापाचा असतो. जेवण जास्त झालं तर साखर चढते, जेवण चुकलं किंवा लांबलं तर ती पडते. ताट समोर आल्याशिवाय टोचायचं नाही."

मला भीती वाटली. पोटातलं बाळ फुगेल, अडकेल, जन्मल्या जन्मल्या त्याची साखर कोसळेल, हे एकदा कानावर पडल्यावर दुसरं काही सुचेना. रागीट माणूस घाबरला की त्याचा राग दुप्पट होतो. माझा झाला, आणि तो काढायला घरात जागा तयारच होती.

मी ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, दही असं मापात खायला लागले. भात दोन घास. वेळ ठरलेली, जेवण झालं की अंगणात फेऱ्या. आत्या ओट्यावर बसून माझ्या फेऱ्या बघायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ऐकवायची, "दोन जिवांची हाय, आन खाती कशी बगा. पाखरू बरं." पहाटे म्हशीचं निरसं दूध साखर घालून ती पेलाभर माझ्यापुढं धरायची आणि पेला रिकामा होईपर्यंत हलायची नाही. दोन-चार वेळा मी ते तिची पाठ वळल्यावर मोरीत ओतलं. दुधाच्या घरातली सून दूध मोरीत ओतते हे तिला कळलं असतं तर तिनं मला माहेरी नेऊन सोडलं असतं. खरं तर बरंच झालं असतं.

इतकं करूनही साखर हाताला लागेना. मशीनवर बोटातलं रक्त तपासायचे, तर कधी आकडा ठीक, कधी भलताच वर. मग एकदा बसून नीट विचार केला. शाळा असते त्या दिवशी डबा मी करते, तेव्हा दुपारचा आकडा ठीक. रविवारी स्वयंपाक आत्याचा, तेव्हा वर. सुट्टीला वर. एवढं कळायला गणिताची बाई लागत नाही. पुढच्या रविवारी मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, तर आत्या माझ्या वाटीच्या आमटीत वेगळा गूळ विरघळवत होती. घरच्या आमटीत असतो तो चिमूटभर नव्हे. चांगला लिंबाएवढा खडा.

मी म्हटलं, "आत्या, हे काय चाललंय?"

ती जरासुद्धा दचकली नाही. "काय म्हंजे? गूळ घालतोय. तुझ्या तोंडाला चव न्हाय, पोराला तरी लागू दे. आन तू टोचतीस की! मग कशाला भ्यायचं?"

"म्हणून तर साखर चढते दर रविवारी!"

"मग दोन आकडं जास्त फिरव. कुणी हात धरलाय?"

मी ती वाटी उचलली आणि म्हशीसाठी भिजवलेल्या आंबोणात ओतली. त्या दिवसापासून आमची उघड दुष्मनी. मी माझं जेवण वेगळं करायला लागले आणि ती गावभर सांगत सुटली की सुनेनं चूल वेगळी मांडली.

त्याच सुमारास सोनोग्राफीत दिसलं की बाळाचं पोट महिन्यांच्या मानानं पुढं गेलंय. डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि माझा डोस वाढवला. काय खाल्लं म्हणून विचारलं तेव्हा मी आमटीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "घरच्यांना घेऊन या." मी नवऱ्याला नेलं. त्यानं सगळं ऐकलं, मान डोलावली आणि घरी येऊन आत्याला काय सांगितलं? "आत्या, बाळ मोठं हाय म्हणत्यात." एवढंच. पुढचं वाक्य घशात अडकलं असावं.

आत्या खूश. "मंग! म्हटलं न्हवतं? गुटगुटीत हाय माझं पोरगं." संध्याकाळपर्यंत ते अर्ध्या गल्लीत पोचलं. माझी झोप उडवणारी गोष्ट तिनं पेढ्यासारखी वाटली.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम जोरात. मी नको म्हणत होते. माझं कोण ऐकतंय! अंगणात मांडव घातला, झोपाळा फुलांनी मढवला. मला हिरवी साडी, फुलांचे दागिने, हातात पुठ्ठ्याचा धनुष्यबाण. शिवाय चुलत जावेच्या लेकीनं ऑनलाइन मागवलेला 'मॉम टू बी'चा गुलाबी पट्टा. स्वयंपाक आत्याच्या देखरेखीखाली: जिलेबी, बासुंदी, पुरणपोळी, मसालेभात, वर भजी. आमच्याकडची रीत अशी की पाच सवाष्णींनी गर्भारशीला पाच गोड घास भरवायचे, आणि पहिला घास माहेरचा. माहेरची ओटी आणि पहिला घास झाल्याशिवाय मांडवात कुणीच पानावर बसायचं नाही. मग ती झाकलेल्या वाट्यांची गंमत. एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढ्याची वाटी उघडली तर मुलगा, बर्फीची उघडली तर मुलगी.

मी आईला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, घास म्हणजे कण, त्याहून मोठा भरवलास तर थुंकेन. माझी आई गगनबावड्याची, तिला माझा स्वभाव माहीत आहे.

आत्यानं सकाळपासून पोटात काही घेतलं नव्हतं. जागा ठेवली होती, जेवणासाठी. मला अभिमानानं सांगत होती, "सकाळचं इंजेक्शनबी न्हाय घेतलं. एकदमच घेतो, जेवायच्या आधी. आन चार आकडं जास्त." सकाळचा राहिलेला डोस दुपारी, त्यात वर चार आकडे, आणि पोट रिकामं. मी म्हटलं, "आत्या, ताट आल्यावर घ्या." ती म्हणाली, "मला शिकवू नगं. तू जल्मायच्या आधीपासनं माझं हे चाललंय." ते खरं नव्हतं, पण वाद घालायचं त्राण मला नव्हतं. आतून हाक आली, वाढप्यांनी पातेली बाहेर काढली, आणि आत्यानं तिथंच पदराआड पेन टोचलं. मग माझ्याकडं वळली. "टोचून घे तूबी. वाढाय घेतलंय."

"माहेरची माणसं आली नाहीत अजून. ताट समोर आल्यावर घेते."

"येत्यात की आता. हट्टी मेली."

माहेरची माणसं येणार कुठून? गगनबावडा रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली होती. आईची जीप तिच्या मागं अडकली. नवऱ्याला फोन आला, त्यानं मांडवात येऊन सांगितलं. कुणी म्हणालं थांबूया, कुणी म्हणालं गाणी म्हणूया. रीत मोडून आधी जेवूया असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. आत्याच्या तोंडून तर शक्यच नव्हतं. रीत तिनंच जपलेली. तिनं डफलीवाल्या बाईला हाताशी घेतलं आणि डोहाळ्याची गाणी सुरू केली. आवाज खणखणीत. मी झोपाळ्यावर धनुष्यबाण धरून बसले आणि मनात म्हटलं, म्हण काय म्हणायचं ते.

अर्धा तास गेला, तास गेला. मग मला जाणवलं की आत्या एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणतेय. बायका हसल्या, त्यांना वाटलं रंगात आलीय. मग तिचे शब्द जडावले. कपाळावर घाम फुटला, थंडीच्या दिवसात तिचा ब्लाउज पाठीला चिकटला. ती डोलायला लागली. डोळे भलतीकडंच. हात थरथरायला लागले आणि ती कुणाला तरी शिव्या द्यायला लागली, कुणाला ते कळेना.

"आली! आई आली!" एक म्हातारी ओरडली.

झालं. सगळा मांडव उठला. आत्याच्या अंगात देवी आली. कुणी तिचा अंबाडा सोडला, कुणी तिच्या कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट भरला, कुणी कापूर पेटवला, एकीनं लिंबू पायाशी ठेवलं. धडाधड पाया पडणं सुरू झालं. मला घाम, थरथर, बरळणं हे सगळं ओळखीचं होतं. डॉक्टरबाईंनी मला समोर बसवून शिकवलं होतं, की साखर पडली की असं होतं, वेळ घालवला की माणूस बेशुद्ध पडतं, आणि त्याहून वेळ घालवला की परत येत नाही.

मी झोपाळ्यावरून उतरले. "देवी नाही ती! साखर पडलीय त्यांची! साखर आणा!"

दोघीतिघींनी मला धरलं. "अगं, गर्भारशीनं म्होरं जायाचं न्हाय. आईची नजर कडक असती."

"सोडा मला!"

एक जण मधल्या मधे आत्याला विचारतेय, "आई, सांग, पोरगा का पोरगी?" आणि आत्या बरळतेय, "पोरगा... पोरगा..." आणि बायका टाळ्या वाजवताहेत! एक बाई डोळ्यांदेखत मरायला टेकलीय आणि या तिला माझ्या पोटातलं विचारताहेत. आयुष्यात एवढी संतापले नव्हते. मी नवऱ्याला हाक मारली. तो बाहेरून धावत आला, आत्याकडं पाहिलं आणि माझ्या देखत हात जोडून उभा राहिला. कारखान्यात हेल्मेट नसलं तर माणसाला गेटबाहेर काढणारा माणूस. हात जोडून!

मी धनुष्यबाण फेकला. 'मॉम टू बी'चा पट्टा धरून ठेवलेल्या बाईच्या हातात पट्टा तसाच राहिला आणि मी स्वयंपाकघरात गेले. साखरेचा डबा घेतला, तांब्यात पाणी. परत येऊन आत्याजवळ बसले. तिनं हात झाडला तो माझ्या खांद्यावर लागला. मी पोट दुसरीकडं वळवलं आणि एका हातानं तिचा जबडा धरला. तिनं दात आवळलेले. मग ओली साखर बोटावर घेऊन गालाच्या आतून चोळायला लागले. एक बोट, दुसरं बोट. गिळायला लागली तेव्हा साखरपाणी घोट-घोट पाजलं. बायका मागं कुजबुजत होत्या की सुनेनं आईला बाटवलं. मी वळून सांगितलं, "ज्या बाईला हात लावायचाय तिची आधी माझ्याशी गाठ आहे." कुणी आली नाही.

माझ्या मशीनवर तिचं बोट टोचलं. साखर खाल्ल्यानंतरसुद्धा आकडा पन्नासच्या खाली. नवऱ्याच्या नाकासमोर मी ते मशीन धरलं. "ही बघा तुमची देवी." तो रडायला लागला. आता रडून काय उपयोग होता?

हळूहळू आत्याचे डोळे ताळ्यावर आले. कपाळभर मळवट, केस मोकळे, समोर लिंबू आणि कापूर. तिनं इकडंतिकडं पाहिलं. "काय झालं?" म्हणाली.

म्हातारी म्हणाली, "आई आली हुती तुमच्या अंगात. पोरगा सांगितलाय."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. माझा साखरेनं बरबटलेला हात, तिच्या ओठांवरची साखर, मांडीवरचं मशीन. तिला सगळं कळलं. शपथेवर सांगते, कळलं तिला. आणि मग ती सावकाश म्हणाली, "व्हय. आली हुती."

त्याच वेळी माहेरची जीप आली. आईनं मला कणभर घास भरवला, ओटी भरली, पंगत बसली. माझं ताट समोर आलं तेव्हा मी माझ्या मापानं टोचलं आणि भाकरी मागून घेतली. जिलेबी बाजूला सारली. पलीकडच्या पानावर आत्या बसली होती. तिला तेव्हा खाणं गरजेचंच होतं, भात-पोळी-वरण. तिनं जिलेबीवर जिलेबी घेतली आणि शेजारणीला म्हणाली, "टोचलंय म्हणून बरं, न्हाईतर हे पचलं असतं काय?" मी तिच्या तोंडाकडं बघत राहिले. जिचा जीव मी मघाशी बोटानं गोळा करून परत तोंडात घातला होता, ती असं बोलत होती. मला तिची दया आली नाही. मला तिला पानावरून उठवून हलवावंसं वाटलं.

वाट्या मी उघडल्याच नाहीत. देवीनं सांगितल्यावर वाट्या कशाला, असं बायकाच म्हणाल्या.

त्यानंतर मी माहेरी गेले. पथ्य, फेऱ्या, मापातलं इन्सुलिन, आणि आमटीत गूळ घालायला कुणी नाही. आकडे हातात आले. पुढच्या सोनोग्राफीत डॉक्टरबाई म्हणाल्या, "वाढ आता ठीक आहे. घर बदललंत का?" मी हो म्हटलं. तिकडं आत्याकडं दोघीतिघी कौल लावायला येऊन गेल्याचं कळलं. तिनं म्हणे त्यांना हाकलून दिलं. त्याबद्दल तिला एक गुण द्यायला हवा, पण खरं काय ते तिनं कुणालाही सांगितलं नाही.

मुलगी झाली, कोल्हापुरात. बायकांनी कारणही शोधून काढलं. मधेच तोंडात साखर घातल्यामुळं कौल फिरला म्हणे. नवऱ्यानं हे मला हसत सांगितलं आणि माझं तोंड बघून हसायचं थांबला.

लेकीचं वजन चांगलं होतं, जास्त नव्हतं. पण माझ्या साखरेमुळं तिची टाच टोचून रक्त तपासत होते, दर काही तासांनी. पहिला आकडा ठीक आला. दुसरा थोडा खाली. सिस्टरनं लगेच तिला अंगावर पाजायला लावलं. ती चुटूचुटू ओढत होती आणि मी घड्याळाकडं बघत होते. पुढचा आकडा वर येईपर्यंत मी तिला खाली ठेवलं नाही. वर आला तेव्हा आईनं माझ्या कपाळावरून हात फिरवला आणि मला हुंदका आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या आली. एकटी, एस.टी.नं. सिस्टर तेव्हाच टाच टोचत होती. लेक कळवळून रडली. आत्यानं तोंड फिरवलं.

"एवढ्याशा जिवाला टोचत्यात व्हय?"

"माझी साखर चढली होती म्हणून टोचतात," मी म्हटलं. "का चढली ते तुम्हाला माहीत आहे."

ती पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीवर बसली. सिस्टर गेली, आई बाहेर डबा धुवायला गेली. आत्यानं पिशवीतून कागदाची पुडी काढली. पुडीत गुळाचा खडा. आमच्या घरात नव्या पोराच्या जिभेला मध नव्हे, घरच्या उसाचा गूळ लावतात. तिनं खडा बोटांत धरला आणि पाळण्याकडं वाकली.

मी अंथरुणातून हात लांब करून तिचं मनगट पकडलं. टाके ओढले गेले, पण पकडलं. ओरडणार होते. घरात साठवलेलं सगळं त्या एका वाक्यात निघणार होतं. पण तिचं मनगट ओलं होतं. थंडगार आणि ओलं, आणि थरथरत होतं. मी तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. ओठावर घाम.

"आत्या, सकाळी काय खाल्लंत?"

"कशाला खातोय?" जीभ जड झाली होती तिची. "हितं बर्फी मिळणार न्हवं... टोचून आलोय. चार आकडं जास्त."

मी तो खडा तिच्या बोटांतून ओढून घेतला आणि तिच्याच तोंडात कोंबला. वर हात दाबून धरला, थुंकू नये म्हणून. दुसरा हात पाळण्याच्या काठावर होता. दात आवळून मी तिला नाही नाही ते बोलले, आणि आईला हाका मारल्या. ती मुकाट्यानं चोखत राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तिच्या की माझ्या, आता आठवत नाही. लेकीच्या जिभेसाठी आणलेला सगळा गूळ संपला तेव्हा तिचा घाम थांबला. मी हात काढला. तिनं ओठ पुसले, पाळण्यात डोकावली, मग माझ्या उशाशी नजर फिरवली.

"बर्फी कुठं हाय?" म्हणाली.